नातवंडांचे ‘वीस एक’, आपले ‘एकवीस’

जूनमध्ये सातपूरच्या शाळा पुन्हा गजबजतात. आई-वडील कारखान्यात पाळीवर जातात आणि दुसरीतल्या नातवंडाचा गृहपाठ आपल्याकडे येतो. ते ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ म्हणाले, तर चटकन ‘चुकले’ म्हणू नका.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांसोबत ही रीतही आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. कारण मात्र साधे होते. एकवीस म्हणताना आपण ‘एक’ आधी उच्चारतो, लिहिताना २ आधी लिहितो. गोंधळलेले मूल १२ लिहून मोकळे होते. कन्नड, तेलुगूत दशकच आधी उच्चारतात.

दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा. दोन जुड्या आणि एक सुटी काडी मांडा. मुलाने ‘वीस एक’ म्हणावे, आपण ‘एकवीस’ म्हणावे. चष्मा लावून, पुरेशा उजेडात बसा. घरात विसराळू झालेले आजोबा असतील, तर त्यांनाही जवळ बसवा. बालपणी पाठ केलेले पाढे अशा ज्येष्ठांना अनेकदा आठवतात.

नावे दोन्ही टिकतील. रागावलो, तर मात्र मूल गणिताला भिईल आणि आपल्यालाही.