गुण आला, पण कशाने?

नवे खत बाजारात आले की जाणता शेतकरी ते साऱ्या रानात एकदम टाकीत नाही. दोन वाफ्यांना घालतो, शेजारचे दोन वाफे तसेच ठेवतो आणि काढणीला दोन्हींचे माप घेतो. जमीन एकच, पाऊसही दोन्हीकडे सारखाच. मग जो फरक दिसेल तो खताचा. पिकाच्या बाबतीत आपण एवढी खबरदारी घेतो. घरातल्या लेकराला काही झाले की मात्र जो जे सांगेल ते एकाच वेळी सुरू होते. थोडा गुण दिसला तर तो कशाने आला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि पैसा मात्र दहा वाटांनी जात राहतो.

माझा धाकटा मुलगा स्वमग्न आहे. आज तो सतरा वर्षांचा आहे. भाईंदर पश्चिमेला मुर्धा गावात आमचे घर, घरामागे थोडी वाडी. एका बाजूला मिठागरे, दुसऱ्या बाजूला शहर. त्यामुळे गावचे भगतही जवळ आणि मुंबईचे मोठे दवाखानेही जवळ. गेल्या चौदा-पंधरा वर्षांत आमच्या दारी आलेले उपाय आणि त्यांची पारख आम्ही कशी केली, हे माझ्यासारख्या आयाबहिणींना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नतेलाच इंग्रजीत ऑटिझम म्हणतात. अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकिगत लिहून या अवस्थेची ओळख जगाला करून दिली. मेंदूची जडणघडण जन्मापासूनच वेगळी असते. मूल दिसायला चांगले गुटगुटीत असते. पण नजरेला नजर देत नाही, हाक मारली तर वळत नाही, बोलणे उशिरा येते किंवा आलेले जाते, एकच हालचाल किंवा एकच खेळ तासन्‌तास चालतो. मिक्सरच्या आवाजाने कोणी कान झाकून घेते, कोणाला ठरावीक कपड्याचा स्पर्श सोसत नाही. सगळी मुले एका साच्यातली नसतात. कोणी शाळेत पहिला येतो, कोणाला जन्मभर सोबत लागते.

पूर्वी याचा दोष आईच्या माथी मारीत. आई मायेला कमी पडली म्हणून मूल असे झाले, असे मोठमोठे तज्ज्ञ लिहीत. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून ही समजूत खोडून काढली. तरी आपल्याकडे अजून ‘गरोदरपणी ग्रहण पाहिले असेल’ असे टोमणे सुनेलाच ऐकावे लागतात. त्यात काडीचे तथ्य नाही.

लसीमुळे हे होते, अशीही एक आवई आहे. १९९८ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एका लेखातून ती पसरली. तो लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी झाली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. गोवराची लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता जास्त आढळली नाही. तेव्हा लस चुकवू नये. गोवर जीव घेतो.

दारी आलेले उपाय

मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी ‘आई’ म्हणेना. आधी कानांची तपासणी झाली, कान उत्तम निघाले. मग डॉक्टरांनी निदान सांगितले. ती बातमी गावात पसरली आणि सल्ल्यांचा पूर आला. नणंदेने अंगारा आणला, जावेच्या माहेरून ताईत आला, ह्यांच्या कचेरीतल्या कोणी गोड गोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता दिला. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता.

सासूबाईंनी तेव्हा एक नियम घातला, तो आम्ही आजवर पाळतो. त्या म्हणाल्या, “अंगाला बांधायचं ते बांधू गं, कोणाचं मन का मोडा? पण पोटात जायचं ते डॉक्टरला दाखवल्याबिगर घालायचं नाही.” शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे हे शहाणपण.

दुसरा नियम माझा. एका वेळी एकच नवी गोष्ट, तीन महिने, आणि रोजची नोंद वहीत. किती शब्द बोलला, किती वेळा चिडला, किती तास झोपला, स्वतः जेवला की भरवावे लागले. चारच रकाने.

कोणीतरी सांगितले, गहू आणि दूध बंद करा. डॉक्टरांना विचारून तीन महिने बंद केले, भाकरी-भातावर ठेवले. वहीत बोलण्याच्या रकान्यात फरक पडला नाही. वजन मात्र उतरले. दूध-पोळी पुन्हा सुरू केली. या पथ्याच्या शास्त्रीय चाचण्यांतही ठोस फायदा दिसलेला नाही. एखाद्या मुलाला खरोखरच गहू किंवा दूध सोसत नसेल तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टरी तपासणीतून ठरते.

गोड गोळ्या जूनमध्ये सुरू झाल्या आणि दिवाळीपर्यंत पोरगा सात-आठ नवे शब्द बोलू लागला. घरात आनंदीआनंद. पण वही उघडली तर त्याच जूनमध्ये त्याची विशेष शाळाही सुरू झाली होती. मग गोळ्या दोन महिने थांबवल्या आणि शाळा चालू ठेवली. शब्द वाढतच राहिले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसे हे झाले होते. शिवाय मूल म्हटले की ते वाढतेच. स्वमग्न मूलही वर्षभरात काही ना काही शिकते. आपण धावपळ करतो ती त्याचे दिवस अगदी वाईट चालले असताना. त्यानंतरचे दिवस बहुधा आपोआपच जरा बरे येतात, आणि श्रेय हातातल्या बाटलीला मिळते.

मिठाच्या पाण्याची गोष्ट

सिक्रेटिन हा पोटातल्या पचनाशी संबंधित स्राव. १९९८ साली अमेरिकेत बातमी आली की हे सिक्रेटिन टोचल्यावर तीन स्वमग्न मुले बोलू लागली, नजर देऊ लागली. आईबापांची झुंबड उडाली. तेव्हा डॉक्टरांनी साठ मुले घेऊन चाचणी केली. निम्म्यांना सिक्रेटिन टोचले आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय दिले हे आईबापांनाही ठाऊक नव्हते.

१९९९ साली निकाल छापून आला. सिक्रेटिन मिळालेल्या मुलांत सुधारणा दिसली. आणि मिठाचे पाणी मिळालेल्यांतही तेवढीच दिसली! आईबापांचे डोळे गुण शोधीत होते, म्हणून तो त्यांना दिसला. याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. निकाल समजल्यावरही त्यांतल्या शंभरातल्या एकोणसत्तर पालकांनी सिक्रेटिनमध्ये आपल्याला अजून रस असल्याचे सांगितले. मला त्यांचे हसू येत नाही. आशा अशी सहजासहजी सुटत नाही. म्हणूनच वही लागते, आणि न घातलेला वाफा लागतो.

जिथे धोका आहे

अंगारा, तेलाचे मालीश, भजन, योगासने यांनी बहुधा अपाय होत नाही. मालीशने आमचा मुलगा शांत झोपतो, म्हणून ते आजही चालू आहे. पण काही उपाय जिवावरचे आहेत.

ओळख नसलेल्या माणसाकडची भस्मे आणि पुड्या लेकराला देऊ नयेत. अमेरिकेतील बोस्टन शहरात विकल्या जाणाऱ्या सत्तर आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी चौदांत शिसे, पारा किंवा सोमल सापडले. शिसे तर मुलांच्या मेंदूचेच नुकसान करते. अंगातले जड धातू काढून टाकतो असे सांगून काही ठिकाणी शिरेतून औषध देतात. त्या उपचारात २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा दगावला.

सगळ्यांत मोठा मोह मूळपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा. मुलगा आठ वर्षांचा असताना एक गृहस्थ घरी आले. शहरातल्या एका दवाखान्यात मूळपेशी टोचून मूल बरे होते, खर्च काही लाख, असे म्हणाले. मोठ्या दिरांनी लगेच सांगितले, “वहिनी, रस्त्याकडेचा पट्टा विकू. पोरापेक्षा जमीन मोठी नाही.” त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. सकाळी ह्यांनी त्या गृहस्थांना तीनच प्रश्न विचारले. हा उपचार न घेतलेल्या तेवढ्याच मुलांशी तुलना झाली आहे का? सरकारी परवानगीचा कागद आहे का? गुण आला नाही तर पुढे काय? ते परत आले नाहीत. पट्टा आजही आमचा आहे, आणि पुढे मुलाच्या नावे राहील.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांनुसार मूळपेशींचा उपचार रक्ताच्या काही विकारांपुरताच मान्य आहे. बाकी ठिकाणी तो फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानेही स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे कळवले.

मग उपयोग कशाचा झाला?

स्वमग्नता मुळासकट घालवणारे औषध आज नाही. झोप, आकडी, फार चिडचिड यांवर डॉक्टर औषध देतात, ते वेगळे. आमच्या वहीत खरा फरक दिसला तो तीन गोष्टींनी. वाचा शिकवणाऱ्या बाई, हातापायांचे व्यवसायोपचार, आणि घरात रोज ठरल्या वेळी मुलाबरोबर घालवलेला तास.

हा तास कसा घालवायचा, याची चाचणी आपल्या शेजारी गोव्यातच झाली आहे. तेथील ‘संगाथ’ संस्थेत आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून पासष्ट मुले घेतली. निम्म्यांच्या आईबापांना, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी सहाएक महिने मार्गदर्शन केले. निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्या घरांतले आईबाप मुलाच्या कलाने बोलू लागले, आणि मुले आपण होऊन त्यांच्याशी संपर्क साधू लागली. याला यंत्र लागत नाही. मूल ज्याकडे पाहते आहे त्याचेच नाव घ्यायचे, लहान वाक्य बोलायचे आणि उत्तरासाठी थांबायचे. थांबणे सगळ्यांत अवघड!

आमचा मुलगा आता तीन-चार शब्दांचे वाक्य बोलतो. आंघोळ स्वतः करतो. वाडीतल्या मेथीच्या जुड्या बांधतो, त्या अशा सारख्या की बाजारात गिऱ्हाईक निवडत बसत नाही. अजून गर्दीत घाबरतो, व्यवहार समजत नाही. जे आले ते इंचाइंचाने आले.

गावातल्या पालकांनी काय करावे?

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे बोटाने दाखवीत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडीत नसेल, किंवा आलेले बोलणे गेले असेल, तर ‘बापही उशिरा बोलला होता’ म्हणून वाट पाहू नये. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरहूनच सुरू झाला. पथकाला मूल दाखवावे आणि जिल्हा रुग्णालयातील शीघ्र उपचार केंद्राची चिठ्ठी मागावी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, म्हणून प्रमाणपत्र जरूर काढावे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, त्यात ठरलेल्या मर्यादेत वाचोपचारही येतात. मूल अठरा वर्षांचे झाले की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आम्ही ते कागद आताच जमवीत आहोत.

आणखी एक, शेतकरी घरासाठी फार महत्त्वाचे. ही मुले न सांगता घराबाहेर पडतात आणि पाण्याकडे ओढ घेतात. विहिरीला कठडा आणि जाळी, शेततळ्याला कुंपण, दाराला उंचावर कडी आणि फवारणीची औषधे कुलपात, एवढे आज संध्याकाळपर्यंत करून घ्यावे. मुलाच्या गळ्यात नाव आणि फोन नंबर असलेला बिल्ला असावा.

आणि चार रकान्यांची वही आजच घालावी. उद्या कोणी नवा उपाय घेऊन दारी आला, तर त्याच्याशी बोलताना ती जवळ असू द्यावी.