नांवें चार, वाट एकच?

रोहें सोडून दक्षिणेकडे निघालेल्या कोंकण रेल्वेच्या प्रवाशास वीर हें स्थानक ठाऊक आहे. १९९३ सालीं या लोहमार्गाचा उत्तरेकडील पहिला टप्पा सुरू झाला तो रोहा ते वीर असा. पुढें २०२१ सालीं याच सुमारें ४७ किलोमीटरांच्या टप्प्यावर दुसरा रूळ पडला. वीरच्या पलीकडे मात्र मार्ग तेव्हां एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर एक गाडी खोळंबली कीं मागच्या साऱ्या खोळंबतात, हें सांगावयास इंजिनियर नको. परंतु कागदावर दोन दिसणाऱ्या वाटा प्रत्यक्षांत एकच असूं शकतात, ही गोष्ट तितकी सहज ध्यानांत येत नाहीं. ज्या यंत्रांवर जगांतील पुष्कळ मोठ्या बँकांचे हिशेब चालतात, त्या मेनफ्रेम यंत्रांच्या जुळणींत हाच प्रश्न रोज उभा राहतो. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरचीं मुलें पुण्या-मुंबईस बसून हें काम करतात. तें काय असतें, हें घरच्या वडील मंडळींसही समजावें, म्हणून हा प्रपंच.

मेनफ्रेमचा मेंदू अतिशय वेगवान. माहिती साठविणाऱ्या तबकड्या त्या मानानें मंद. मेंदूनें प्रत्येक वेळीं त्यांची वाट पाहत बसावें तर त्याचा वेग फुकट जावयाचा. म्हणून ने-आण करण्याचें काम ‘चॅनेल’ नांवाच्या स्वतंत्र हमालांकडे सोपविलेलें असतें. १९६४ सालीं आय.बी.एम.नें जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० या यंत्रमालेंत ही रचना होती, आणि तिच्या आजच्या वंशजांतही ती कायम आहे.

प्रत्येक चॅनेल-मार्गास एक दोन-अंकी नांव असतें. हे अंक सोळाच्या पटींतले. शून्य ते नऊ संपल्यावर ए ते एफ हीं अक्षरें येतात. त्यामुळें एका संचांत शून्य-शून्यपासून एफ-एफपर्यंत बरोबर २५६ नांवें बसतात. २००३ सालच्या झेड९९० या यंत्रांत असे एकाहून अधिक संच ठेवण्याची सोय झाली, आणि एकच नांव दोन संचांत येऊं लागलें. तेव्हां यंत्राच्या पेटींत बसविलेल्या कार्डांवरील प्रत्येक तोंडास निराळा तीन-अंकी क्रमांक देण्यांत आला. पहिलें झालें नांव, दुसरी झाली जागा. या दोहोंचें लग्न लावून देणारें जें साधन, त्याचें काम मॅपिंग.

या साधनापुढें दोन कागद ठेवावे लागतात. कोणतें कार्ड कोठें बसलें आहे, हें सांगणारा एक, कारखान्याकडून आलेला. आणि कोणत्या तबकड्यांकडे कोणत्या नांवाच्या मार्गांनीं जावयाचें, हें सांगणारा दुसरा, आपल्या कचेरींत तयार झालेला. महत्त्वाचा क्रम सांगितला तर साधन आपण होऊन वांटणी करतें. परंतु जुन्या यंत्राच्या जागीं नवें आणतांना पूर्वीच्या तारा जेथल्या तेथें ठेवावयाच्या असतात, किंवा एखादी जागा मुद्दाम राखावयाची असते. अशा वेळीं माणूस एकेक नांव घेऊन हातानें जागेवर बसवितो. विजोड लग्न साधन लावूं देत नाहीं. तबकड्यांचा मार्ग जाळ्याच्या कार्डास जोडतां येत नाहीं. पण जात जुळली म्हणजे संसार सुखाचा होईलच, असें थोडेंच आहे!

एका उपकरणाकडे जाण्यास आठपर्यंत मार्ग ठेवतां येतात. समजा, पगाराच्या हिशेबाच्या तबकडीस चार मार्ग दिले: ५०, ५१, ५२ आणि ५३. यादी पाहणारा निश्चिंत होतो. परंतु ५० व ५१ हीं एकाच कार्डाचीं दोन तोंडें असलीं, तर तें कार्ड दुरुस्तीस काढतांच दोन्ही मार्ग एकदम जातात. चारही मार्गांचीं कार्डें निराळीं, पण पेटीपासून मेंदूपर्यंतचा दुवा एकच असला, तर तो दुवा तुटतांच चारांचें शून्य होतें. असे छेद कोठें पडतात, तें साधन आपल्या अहवालांत खुणेनें दाखवितें; ती खूण वाचून फेरमांडणी करणें मात्र माणसाकडेच राहतें. मांडणी पक्की झाली कीं ती मूळ व्याख्येंत परत लिहिली जाते, आणि यंत्र नव्यानें चालू करतांना अमलांत येते. त्यानंतर चूक दिसली, तर तारा हलविणें आलें, आणि कदाचित् काम थांबविणेंही.

पर्याय म्हणजे काय, हें महाडकरांस कोणी शिकवावयास नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरांत कोसळला, दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. शेजारचा नवा पूल उभा राहिला. गेलेलीं माणसें त्यामुळें परत आलीं नाहींत. पण वाट मात्र उरली. दोन पूल एकाच नदीवर, एकाच पुराच्या तोंडीं होते; परंतु ते एका बांधणीचे नव्हते, एका पायावर उभे नव्हते. दुसरी वाट खरोखर दुसरी असावयाची, तर तिचा आधारही दुसरा असावा लागतो.

यंत्राच्या बाबतींत पूर येत नाहीं, एक लहानसें कार्ड निकामी होतें इतकेंच. परंतु त्या कार्डामागें कोणाचें निवृत्तिवेतन, कोणाचा पगार, कोणा रुग्णाचे पैसे अडकलेले असतात. सर्व कांहीं सुरळीत चाललें, तर या कामाची वाखाणणी होत नाहीं, कारण तें झालें आहे, हें कोणास कळतच नाहीं. म्हणून रात्रीं उशिरां घरीं येऊन मुलगी म्हणाली, ‘आज दिवसभर नुसतीं नांवें जागेवर बसविलीं,’ तर तिला हंसूं नये. तिनें कोठल्या तरी अनोळखी घरासाठीं दुसरी वाट मोकळी राखलेली असते.