खुर्ची सुटल्यानंतरची कसोटी

लष्करी गणवेश उतरवून शासकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांविषयी आमच्या मनात प्रथम शंकाच येते. इंडोनेशियाचे अली सादिकिन या शंकेतून सर्वस्वी सुटतात, असे आम्ही म्हणणार नाही. मरीन दलातील या सेनानीस राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी १९६६ साली जाकार्ताचे गव्हर्नर नेमले. तिजोरीत खडखडाट होता. धर्मनिष्ठांचा रोष पत्करून त्यांनी जुगारास परवाने दिले, त्यावर कर बसविला आणि त्या पैशांतून शाळा व रस्ते बांधले. गरिबांच्या वस्त्यांत पायवाटा, गटारे व पाणी नेले. मात्र त्याच हातांनी सायकलरिक्षावाल्यांना व फेरीवाल्यांना हुसकावले आणि १९७० साली पोटासाठी बाहेरून येणाऱ्यांना शहराची दारे बंद केली.

१९७७ साली गव्हर्नरपद संपले. त्यानंतर मानाने, मुकाट्याने जगता आले असते. परंतु १९८० साली पन्नास नामवंतांच्या निवेदनावर त्यांनी सही केली. पंचशीला या राष्ट्रीय तत्त्वप्रणालीचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो विरोधकांविरुद्ध शस्त्र करीत आहेत, असा त्यातील आरोप होता. सह्या करणाऱ्यांवर परदेशप्रवासाची बंदी आली. वृत्तपत्रांनाही त्यांच्याविषयी छापण्याची मनाई झाली. १९६१ पर्यंत पोर्तुगीज सेन्सॉर सोसलेल्या गोमंतकास या शिक्षेचा अर्थ सांगावयास नको.

सादिकिन नमले नाहीत. या गटाच्या बैठका त्यांच्याच घरी भरत राहिल्या. १९९८ साली सुहार्तो पायउतार झाले. २००८ साली सादिकिन निवर्तले. त्यांच्या कारभाराचा जमाखर्च ज्याने त्याने मांडावा. हुकूम सोडण्यास सरावलेला हात त्या सहीसाठीही धजला, ही नोंद मात्र आम्ही जमेच्या बाजूस करू.