अखंड कथेचे सामर्थ्य आणि मर्यादा : ‘द वॉकिंग डेड’ या चित्रकथामालेच्या संदर्भात

शेवट नसलेली कथा सांगता येते काय, हा कथनशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. दर महिन्याला प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेच्या बाबतीत तो केवळ सैद्धान्तिक राहत नाही, कारण तेथे लेखकाला पुढील अंकाची सोय लावूनच चालू अंक संपवावा लागतो. ‘द वॉकिंग डेड’ ही अमेरिकन चित्रकथामाला या प्रश्नाच्या विचारासाठी उपयुक्त ठरते. ऑक्टोबर २००३ मध्ये इमेज कॉमिक्सतर्फे तिचा पहिला अंक निघाला आणि जुलै २०१९ मध्ये १९३व्या अंकाने ती संपली. लेखन आरंभापासून अखेरपर्यंत रॉबर्ट कर्कमन यांचे. चित्रे पहिल्या सहा अंकांत टोनी मूर यांची व पुढील १८७ अंकांत चार्ली अ‍ॅडलार्ड यांची. २०१० मध्ये मालेला अखंड चालणाऱ्या मालिकांसाठीचे आयस्नर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. येथे विचार मात्र छापील मालेचाच करावयाचा आहे.

या मालेतील चालत्या प्रेतांसाठी रूढ असलेला ‘झॉम्बी’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानाला काहीसा फसवा वाटतो. आपल्याकडे ‘झोंबी’ म्हटले की आनंद यादवांची १९८७ची आत्मचरित्रात्मक कादंबरी आठवते. ‘वेताळ’ हा शब्दही चालणार नाही. वेताळपंचविशीतील वेताळ प्रेतात वस्ती करतो खरा, परंतु तो बोलका, चतुर आणि कोडी घालणारा आहे. झॉम्बीला वाचा नाही, स्मृती नाही, हेतू नाही. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाने त्याला हे आधुनिक रूप दिले. अशा चित्रपटांत मूठभर माणसे एखाद्या घरात कोंडली जातात आणि दीड-दोन तासांत कथा आटोपते. त्यानंतर उरलेल्या माणसांचे काय होते, हा कर्कमन यांचा प्रश्न आहे. संपत नाही असा झॉम्बीपट लिहावयाचा, हा संकल्प त्यांनी पहिल्या खंडाच्या प्रास्ताविकातच सांगितला होता.

या संकल्पातच मालेचे खरे बळ आहे. केंटकीतील रिक ग्राइम्स हा पोलीस रुग्णालयात बेशुद्धीतून जागा होतो तेव्हा जग संपलेले असते. पत्नी लोरी आणि मुलगा कार्ल त्याला अटलांटाजवळ सापडतात. सहाव्या अंकाच्या अखेरीस रिकचा मित्र शेन त्याच्यावर बंदूक रोखतो, आणि लहानगा कार्ल शेनला गोळी घालून मारतो. एरवी अशी घटना कथेचा परमोच्च बिंदू ठरली असती व पडदा पडला असता. येथे ती केवळ आरंभ आहे. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचकाला वर्षानुवर्षे पाहावे लागते. कितीतरी अंकांनंतर बेन नावाचा मुलगा आपल्या जुळ्या भावाला मारतो. त्याचे काय करावे याविषयी मोठी माणसे वाद घालीत बसतात आणि कार्ल रात्री गुपचूप उठून बेनला संपवितो. हा प्रसंग बळकट होतो तो सहाव्या अंकाच्या स्मरणामुळे. दीर्घ कादंबरीला जे जमते ते, म्हणजे काळाचा संस्कार व्यक्तीवर साचत जाणे, मालेने चित्रांच्या माध्यमात साधले आहे.

माला कृष्णधवल आहे, आणि रसविचाराच्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, भयानकाचा भय आणि करुणाचा शोक. झॉम्बीकथा बहुधा पहिल्या दोहोंतच रमते. या मालेत रक्त लाल नसून काळे आहे, त्यामुळे जुगुप्सेचा जोर आपोआप कमी होतो आणि दृष्टी चेहऱ्यांकडे वळते. मूर यांची रेषा काहीशी गोलसर व खेळकर होती. अ‍ॅडलार्ड यांच्या जाड, खडबडीत छायांत प्रेत आणि जिवंत माणूस जवळजवळ एकाच द्रव्याचे दिसतात. मालेचे शीर्षक वस्तुतः प्रेतांना नव्हे, जिवंत पात्रांना लागू आहे, हे २४व्या अंकात रिक बोलून दाखवितो. चित्रांनी ते त्याआधीच सांगितलेले असते. २०२० पासून रंगीत आवृत्ती निघाली. तीत हे अर्थवलय पुष्कळसे विरून जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मर्यादाही याच संकल्पातून उद्भवतात. आश्रय सापडणे, तेथे स्थिरावणे, बाहेरचा शत्रू येणे, आश्रय उद्ध्वस्त होणे आणि पुन्हा वाट धरणे, हा साचा मालेत वारंवार दिसतो. तुरुंगाच्या पर्वात, म्हणजे ४८व्या अंकात लोरी व तिचे तान्हे मूल मारले जाते तोवर, त्यात अपरिहार्यता जाणवते. पुढे गव्हर्नरच्या जागी नरभक्षक येतात, नरभक्षकांच्या जागी निगन येतो, निगनच्या जागी प्रेतांची कातडी पांघरणारी टोळी येते. वाचकाला साच्याची ओळख पटली की भय ओसरते. उरते ते फक्त ‘आता कोण?’ हे कुतूहल. २०१२ मध्ये आलेल्या १००व्या अंकातील ग्लेनची हत्या हे याचे ठळक उदाहरण होय. निगन दांडूने त्याचे डोके फोडतो आणि चित्रकार ते पानामागून पान दाखवीत राहतो. ग्लेन पहिल्या खंडापासूनचा, वाचकाच्या लोभातला. त्यामुळे शोक खरा असतो. परंतु शंभरी गाठलेल्या अंकाला साजेसा धक्का हवा, ही व्यापारी गरज त्या पानांतून लपत नाही. मृत्यू हे मासिक अंकाचे चलन झाले की त्याचे मोल घसरणारच.

संवादांचा प्रश्न वेगळा आहे. कर्कमन यांची पात्रे आपली मनःस्थिती स्वतःच सविस्तर सांगतात. अ‍ॅडलार्ड यांनी एका नजरेत दाखविलेले दुःख पुढच्या चौकटीतील भल्यामोठ्या फुग्यात पुन्हा उच्चारले जाते. स्त्रीपात्रांच्या बाबतीत आरंभीचे खंड विशेष दुबळे आहेत. जग कोसळून काही आठवडे झाले नाहीत तोच पुरुष शिकारीला आणि बायका धुणे धुवायला, अशी वाटणी होते. डोना त्याविरुद्ध तक्रार करते, पण कथा ती तक्रार गांभीर्याने घेत नाही. तुरुंगातील कारभार पाहणारी समितीही चार पुरुषांचीच. मिशोन व अँड्रिया या पुढे मालेतील समर्थ व्यक्तिरेखा ठरतात हे खरे. मात्र मिशोनचे सामर्थ्य प्रस्थापित करण्यासाठी गव्हर्नरकडून तिच्यावर झालेला अत्याचार ज्या तपशिलाने योजला आहे, त्याची वाङ्मयीन गरज पटत नाही.

निगनविरुद्धचे युद्ध १२६व्या अंकात संपते, आणि रिक त्याला ठार न मारता कोठडीत ठेवतो. या निर्णयापासून मालेचा विषयच पालटतो. जगावे कसे याऐवजी एकत्र राहावे कसे, कायदा कोणाचा, शिक्षा कशासाठी, हे प्रश्न पुढे येतात. रोमांचाच्या अपेक्षेने वाचणाऱ्यास हा भाग संथ वाटेल. प्रस्तुत लेखकाला तो अधिक प्रौढ वाटतो. १९२व्या अंकात रिक मरतो तोही एखाद्या महाखलाच्या हातून नव्हे, तर कॉमनवेल्थच्या शासनकर्त्या बाईच्या भेदरलेल्या, लाडावलेल्या मुलाच्या गोळीने.

पुढचाच अंक अखेरचा असेल, अशी पूर्वसूचना वाचकांना नव्हती. पुढील अंकांची बनावट मुखपृष्ठेदेखील जाहीर झाली होती. अखंड चालावयाची कथा अशी अकस्मात थांबविणे यात चलाखी आहे, पण तेवढेच नाही. त्या अंकात कर्कमन यांनी एक जुनी योजनाही सांगितली आहे. त्या योजनेनुसार अलेक्झांड्रियात रिकचा पुतळा दिसावयाचा, मग तो पुतळा जीर्ण झालेला आणि भोवती प्रेते हिंडताना दिसावयाची, व तेथेच माला संपावयाची. सर्व खटाटोप व्यर्थ ठरविणारा तो शेवट त्यांनी सोडून दिला. प्रत्यक्षात आलेल्या शेवटात कार्ल मोठा झालेला आहे, त्याला मुलगी आहे. प्रेते इतकी विरळ झाली आहेत की ग्लेनचा मुलगा हर्शेल त्यांचे फिरते खेळ करून पैसे मिळवितो. कार्ल ती प्रेते नष्ट करतो आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान केल्याबद्दल त्याच्यावर खटला उभा राहतो; न्यायासनावर मिशोन असते. ज्या भयाने आधीच्या पिढीचे सारे आयुष्य व्यापले, ते या पिढीला तिकीट काढून पाहण्याची गंमत वाटते. भय विसरता येणे हे रिकच्या झगड्याचे यश मानावयाचे की त्याचा अवमान, याचा निवाडा लेखक करीत नाही. कार्ल मुलीला मांडीवर घेऊन तिच्या आजोबांची गोष्ट वाचून दाखवितो, आणि तिला ती इतर गोष्टींसारखीच एक गोष्ट असते.