वादळानंतरची सरकारी मदत: फ्लोरिडाच्या संत्र्यांचा धडा
व्हिडिओत राहिलेला मुद्दा इथे सांगतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा हरिकेन आलं आणि फ्लोरिडातल्या संत्रा बागायतदारांची फळं तोडणीआधीच जमिनीवर पडली. मदतीचा निधी मंजूर झाला फेब्रुवारी २०१८ मध्ये, अर्ज सुरू झाले जुलैत. म्हणजे दहा महिने घरखर्च, मजुरी, हप्ते सगळं खिशातूनच!

मदत सरसकटही नव्हती. विमा नसेल तर पिकाची अपेक्षित किंमत ६५ टक्केच धरली. मोठा विमा असेल तर ९५ टक्क्यांपर्यंत. शिवाय मदत घेतल्यावर पुढची दोन वर्षं पीकविमा सक्तीचा.

तुमचं दुकान असो की बाग, गणित हेच. मदत येते, पण उशिरा आणि कागद बघून. म्हणून विमा काढा, नोंदी ठेवा आणि काही महिन्यांचा खर्च आजपासूनच बाजूला टाका.