पहिली एअर रायफल घेताना...

नेमबाजी म्हणजे राजेरजवाड्यांचा, नाही तर लष्करातल्यांचा खेळ, अशी आपल्याकडे बरीच वर्षे समजूत होती. पण २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलमध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले आणि घरोघरी या खेळाचे नाव पोहोचले. २०१० मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जागतिक विजेते झाले. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. आता शिक्षकांची, कारकुनांची, शेतकऱ्यांची मुलेही रेंजवर दिसतात.

मग एक दिवस मूल म्हणते, ‘‘बाबा, आता मला स्वतःची रायफल हवी!’’ स्पर्धेची चांगली रायफल लाखांच्या घरात जाते. दागिने मोडून किंवा सोसायटीचे कर्ज काढून हा पैसा उभा करणारे पालक कमी नाहीत. म्हणूनच ही खरेदी हौसेने नव्हे, पारखून करायला हवी.

घाई कशाला?

पहिले काही महिने क्लबच्या रायफलवरच सराव करू द्या. मुलाची आवड टिकते का, हे त्यातून कळते. शिवाय कोणत्या मापाची रायफल हवी, हेही प्रशिक्षकाच्या लक्षात येते.

मुलाचा कोणता डोळा प्रधान आहे, हेही आधीच पाहा. दोन्ही तळहातांनी मध्ये लहानशी खिडकी करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, तिच्यातून दूरची वस्तू पाहायला सांगा. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना वस्तू खिडकीत राहते, तो प्रधान डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रधान निघाला, तर उजव्या हाताची रायफल घ्यायची की डाव्या, हे प्रशिक्षकाशी बोलूनच ठरवा.

अंगाला बसते का?

नियमाप्रमाणे एअर रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एवढे वजन उभ्याने पेलवत नाही. कंबर वाकडी होते, पाठ दुखते आणि चुकीची सवय लागते. अशा मुलांसाठी हलकी, आखूड रायफल मिळते. दस्त्याची लांबी, गालाची पट्टी आणि खांद्याला टेकणारा भाग मागेपुढे, वरखाली करता येतो ना, हे पाहा. मूल वाढते, तशी रायफलही वाढवता आली पाहिजे.

जुनी रायफल पारखताना

पहिली रायफल पुष्कळदा जुनीच घेतली जाते आणि त्यात गैर काही नाही. छर्रे मऊ शिशाचे असल्याने नळी लवकर झिजत नाही. फसगत होते ती दुसरीकडे.

सर्वांत आधी हवेचा सिलिंडर पाहा. त्यात साधारण २०० बार, म्हणजे मोटारीच्या टायरच्या कितीतरी पट दाब असतो. त्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन खेळाडू स्पर्धेत उतरू शकत नाही, आणि तो वापरणे धोक्याचेही आहे. रायफल स्वस्त पडली, पण नवा सिलिंडर घ्यावा लागला, तर बचत तिथेच संपली!

नंतर गळती तपासा. सिलिंडर भरून रायफलला जोडा, दाबाचा काटा कुठे आहे ते लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. काटा बराच उतरला असेल, तर आतली रबरी कडी गेली आहे. ती बदलता येते, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

नळी रिकामी असल्याची खात्री करून मगच तिच्या तोंडाची कडा पाहा. तिला खोक किंवा ओरखडा असेल, तर छर्रा भरकटतो. मागच्या साइटची चक्री दहा टिचक्या एका बाजूला फिरवून तितक्याच परत आणा. नेम पूर्वीच्याच जागी आला पाहिजे. ट्रिगर दर वेळी एकाच जागी सुटला पाहिजे. दस्त्याला तडा नको.

शेवटची परीक्षा कागदावर. प्रशिक्षकाने रायफल टेकवून दहा मीटरवरून पाच छर्रे मारावेत. ते जवळजवळ एकाच भोकातून गेले पाहिजेत. तसे न झाल्यास दुसऱ्या मापाचे छर्रे वापरून पाहा. ४.४९, ४.५० अशा मापांतला बारीक फरकही रायफलला कळतो.

सामान काय घ्यावे?

दुकानात गेले की सगळेच हवेसे वाटते. पण दुर्बीण आणि खांद्याचा पट्टा दहा मीटरच्या स्पर्धेत चालतच नाही. आधी सपाट तळाचे नेमबाजीचे बूट, हातमोजा, मजबूत पेटी आणि नळी रिकामी असल्याची खूण म्हणून लावायची नारिंगी दोरी घ्या. मग जाकीट आणि पँट. ही दोन्ही पाठीला आधार देतात, पण त्यांच्या जाडीला नि ताठरपणाला नियम आहेत. वाढत्या मुलाला महागडे जाकीट शिवून घेण्यापेक्षा क्लबमधल्या मोठ्या मुलाचे, मापाचे मिळाले तर उत्तम.

कायदा आणि काळजी

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत बोर आणि २० ज्यूलपर्यंत शक्ती असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफली या मर्यादेत बसतात. तरीही पक्के बिल घ्या आणि त्यावरचा क्रमांक रायफलशी ताडून पाहा.

परवाना नाही म्हणून ते खेळणे नव्हे. छर्रा डोळा घेऊ शकतो. रायफल कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात आणि किल्ली मोठ्यांजवळ ठेवा. गच्चीवरून पाखरांवर नेम धरू देऊ नका. सिलिंडरमध्ये कोरडी, स्वच्छ हवाच भरा. ऑक्सिजन कधीही नाही, त्याने स्फोट होऊ शकतो. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, कारण छर्ऱ्यांचे शिसे विषारी असते.

लक्षात ठेवा, महाग रायफल मुलाला नेमबाज बनवत नाही. अंगाला बसणारी, निर्दोष रायफल त्याच्या मेहनतीच्या आड येत नाही, इतकेच. उरलेला पैसा छर्ऱ्यांसाठी आणि रेंजच्या फीसाठी राखून ठेवा. मुलाचा हात स्थिर होईल, तो त्या सरावानेच.