मनाच्या आजारावर उपचार : तज्ज्ञ कोठे भेटतील, खर्च कोण देईल?

शरीराला ज्याप्रमाणे आजार होतात त्याचप्रमाणे मनालाही होतात, हे विधान आता कोणी नाकारीत नाही. मात्र घरात प्रत्यक्ष असा आजार उद्भवला की हेच विधान विसरले जाते. ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरणारे कुटुंब, मुलगा रात्र-रात्र जागू लागला, एकटाच बोलू लागला किंवा शेतावर जाण्याचे टाळून कोपऱ्यात बसू लागला, तर महिनोन्महिने थांबते. प्रथम लोकलज्जा आड येते, मग बाहेरच्या बाधेची शंका, आणि शेवटी डॉक्टरकडे जायचे ठरले की दोन प्रश्न उभे राहतात. मनोविकारतज्ज्ञ जवळपास आहे काय? आणि असल्यास त्याचा खर्च शासनाच्या आरोग्य विमा योजनेतून भागेल काय? धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात या दोन प्रश्नांची उत्तरे येथे देण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजे 'निम्हान्स'ने, २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्याहून चिंताजनक बाब अशी की, निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत रुग्ण उपचारांपासून दूरच होते. देशात दर लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञ होते सुमारे ०.७५. २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्याच्या वाट्याला त्या हिशेबाने बारा तज्ज्ञ यावयास हवेत. पण तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटतात, आणि सरासरीचा आकडा भूम-परांड्याच्या रुग्णाच्या उपयोगी पडत नाही.

या जिल्ह्याने मनावरचे आघात जवळून पाहिले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने लातूरमधील किल्लारीबरोबर या जिल्ह्यातील सास्तूर परिसरही उद्ध्वस्त केला. पडलेली घरे पुन्हा उभी राहिली. परंतु ज्यांनी एका रात्रीत सारे कुटुंब गमावले त्यांच्या मनाचे पुनर्वसन ही स्वतंत्र गरज आहे, याची जाणीव तेथे अनेकांना प्रथमच झाली. पुढे अवर्षण, नापिकी आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या, तेव्हा २०१५ साली राज्य शासनाने यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले. मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्पाद्वारे शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाची सोयही करण्यात आली.

विमा केव्हा लागतो, केव्हा लागत नाही

पुष्कळांचा असा समज असतो की, विम्याचे कार्ड दाखविले म्हणजे कोणत्याही डॉक्टरची तपासणी विनामूल्य होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तशी नाही. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ साली तिला सध्याचे नाव मिळाले. १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती एकत्रित राबविली जाते. १ जुलै २०२४ पासून तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्यात आली असून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, योजनेच्या सूचीतील उपचारांसाठी आहे. खासगी मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यातील तपासणी-शुल्क आणि दरमहाची औषधे त्यात येत नाहीत.

मनोविकाराच्या बहुसंख्य रुग्णांना तर दाखल व्हावे लागतच नाही. नैराश्य, चिंताविकार, अपस्मारासोबत येणाऱ्या मानसिक तक्रारी, एवढेच नव्हे तर छिन्नमनस्कतेसारखा गंभीर आजारही बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि नियमित औषधे यांवर आटोक्यात राहतो. म्हणूनच कार्ड स्वीकारणारा खासगी डॉक्टर शोधीत फिरण्यापूर्वी, विनामूल्य शासकीय सेवा कोठे आहे हे आधी पाहणे शहाणपणाचे ठरते.

रुग्णास दाखल करण्याची वेळ आलीच तर योजनेचा विचार करावा. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेची जी उपचारसूची प्रथम प्रसिद्ध झाली, तीतच मनोविकारांचा स्वतंत्र गट होता. परंतु हे उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवण्यात आले होते. सूचीत वेळोवेळी बदल होतात. शिवाय रुग्णालये विशेष शाखांनुसार योजनेत घेतली जातात. म्हणजे दारावर योजनेचा फलक असलेल्या रुग्णालयात हाडांची शस्त्रक्रिया मोफत होत असेल, पण मनोविकारांचा उपचार त्याच योजनेत असेलच असे नाही. म्हणून रुग्णालयातील आरोग्यमित्रास नेमका प्रश्न विचारावा : "या रुग्णालयात मनोविकार शाखा योजनेत आहे काय, आणि आमच्या रुग्णाचा आजार सूचीत आहे काय?" हीच विचारणा १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या विनाशुल्क दूरध्वनींवरही करता येते. शिधापत्रिका आणि आधार ही कागदपत्रे जवळ असावीत.

जिल्ह्यातील वाट

समजा, लोहारा तालुक्यातील एका गावातील विधवा आईचा पंचविशीतला मुलगा चार महिन्यांपासून झोपत नाही, शेजारी आपल्यावर विषप्रयोग करणार असे म्हणतो आणि घरचे अन्न नाकारतो. या मातेने काय करावे?

पहिली पायरी गावातच आहे. आशा कार्यकर्ती किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी यांच्याकडे जावे. रुग्णास तपासून तो पुढे पाठविण्याची चिठ्ठी देतो. या चिठ्ठीमुळे पुढील रुग्णालयात आजाराचा पूर्वेतिहास नव्याने सांगावा लागत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांतील तपासणी व उपचार विनामूल्य आहेत, हेही येथे लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आखला गेला. कर्नाटकातील बल्लारी जिल्ह्यात त्याचा प्रयोग झाला आणि त्या अनुभवावरून १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असे पथक अपेक्षित आहे. हे पथक जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्ण तपासते आणि ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही जाते. कोणत्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी तपासणी असते, याची चौकशी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात करावी आणि ते वेळापत्रक प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या फलकावर लावावे. एवढ्या एका कृतीने अनेक कुटुंबांचा हेलपाटा वाचेल.

तिसरी पायरी वैद्यकीय महाविद्यालयांची. धाराशिव येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. उमरगा-लोहाऱ्याच्या लोकांना लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय, कळंबकरांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर तुळजापूर-परांड्याच्या लोकांना सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सोयीचे पडते. पूर्वी गंभीर रुग्ण म्हटला की थेट पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाचेच नाव घेतले जाई. आज बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ती पहिली पायरी असण्याचे कारण नाही.

वाटखर्चाचाही विचार केला पाहिजे. राज्य परिवहनाच्या गाडीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे भाडे पडते. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास तर विनामूल्य आहे. रुग्णाबरोबर कोणी जावे हे ठरविताना ही बाब उपयोगी पडते.

दरम्यान घरबसल्या मार्गदर्शन हवे असेल तर 'टेलि-मानस' ही सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क असून मराठीतून बोलता येते.

कायद्याने दिलेले अधिकार

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा त्याच्या कलम १८ नुसार प्रत्येकाचा अधिकार आहे. रुग्णास दूर प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या निवासाजवळ असावी, असे हे कलम सांगते. दारिद्र्यरेषेखालील, निराधार वा बेघर व्यक्तीजवळ पत्रिका नसली तरी शासकीय संस्थेत तिला विनामूल्य उपचार मिळाले पाहिजेत. किमान सेवा जिल्ह्यात शासनाकडून उपलब्ध नसेल, तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावा, अशीही तरतूद त्यात आहे.

ज्यांनी स्वतंत्र वैद्यकीय विमा उतरविला आहे, अशा शिक्षक व कर्मचाऱ्यांसाठी कलम २१ महत्त्वाचे आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण देणे कंपन्यांवर त्याने बंधनकारक केले आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये तशा सूचना दिल्या आणि ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सर्व पॉलिसींत ही तरतूद करण्यास सांगितले. आजार मानसिक आहे एवढ्याच कारणाने दावा नाकारला गेल्यास लेखी कारण मागावे.

बौद्धिक दिव्यांगत्व आणि मानसिक आजार यांत गल्लत होऊ नये. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही वेगळी विमा योजना आहे. छिन्नमनस्कतेच्या रुग्णास तिचा लाभ मिळत नाही. मात्र दीर्घकालीन मानसिक आजारामुळे ४० टक्के वा अधिक अक्षमता आल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळू शकते.

गावाची जबाबदारी

रुग्णास साखळीने बांधणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे किंवा दोराने वा साखळीने बांधून ठेवणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. श्रद्धा ज्याची त्याची. देवदर्शनास कोणाची हरकत नाही. पण औषध थांबवून केलेला नवस रुग्णाला महागात पडतो. औषधाचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात आणि बरे वाटू लागले तरी डॉक्टरने सांगेपर्यंत ते बंद करावयाचे नसते. दुसऱ्या महिन्यात गोळ्या सुटल्यामुळे पुन्हा आजारी पडणारे रुग्ण थोडे नाहीत.

कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलून दाखविले तर ते हसण्यावारी नेऊ नये. आत्महत्येचा विचार मनात येतो काय, असे शांतपणे विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट माणूस मोकळा होतो. अशा घरातील कीटकनाशके कुलपात किंवा दुसरीकडे ठेवावीत, त्या व्यक्तीस एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पोलिसांच्या भीतीने विषबाधा लपविण्याचे तर आता मुळीच कारण नाही. २०१७ च्या कायद्याने अशा व्यक्तीस तीव्र तणावाखाली असल्याचे मानले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दंड संहितेचे जुने ३०९ कलम ठेवलेले नाही. तातडीच्या प्रसंगी तज्ज्ञ नसला तरी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत आपत्कालीन मानसिक उपचार करू शकतो.

वरील उदाहरणातील मातेजवळ कदाचित हे कायदे वाचण्याइतके अक्षरज्ञान नसेल. तिच्या गावात मात्र शाळेचे गुरुजी आहेत, ग्रामसेवक आहेत, पंचायतीचे सदस्य आहेत. रुग्णालयाचा वार कोणता, चिठ्ठी कोणाकडून घ्यावयाची आणि आरोग्यमित्रास काय विचारावयाचे, एवढे तिला त्यांनी सांगितले आणि पहिल्या खेपेस कोणी बरोबर गेले, तर तिचा मुलगा पुढच्या हंगामात शेतावर दिसण्याची शक्यता पुष्कळच वाढेल.